पांढरी तीन ते काळी एक

शिवराज पंक वाजवतो हे ऐकून गावी, लासूर स्टेशनला, त्याच्या आईला, भागूबाईंना, बरेच दिवस वाटत होतं की पोरगं कंपनी सुटल्यावर पंखे दुरुस्त करतं. तिनं दोन घरचे बंद पडलेले पंखे त्याच्यासाठी माळ्यावर ठेवूनही दिले होते. पंक म्हणजे काय हे त्यानं एकदा मोबाइलवर ऐकवलं, तेव्हा ती अर्धं गाणं ऐकून म्हणाली, "पंखेच बरे व्हते." गैरसमज दूर झाला, पंखे मात्र माळ्यावरच राहिले.

पंकला फार काही लागत नाही. तीन-चार कॉर्ड, धावता ताल, अडीच मिनिटांचं गाणं आणि जे सांगायचं ते ओरडून सांगायची तयारी. शिवराजच्या बँडचं नाव 'रिजेक्शन'. तो वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. तपासणीत नापास झालेला माल ज्या लाल पेटीत टाकतात, तिच्यावर पांढऱ्या रंगात हा शब्द लिहिलेला असतो. नाव सुचवलं सांडूनं. सांडू त्याच कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काम करायचा आणि ड्रम वाजवायचा. दिवसभर प्रेसचा धाडधाड आवाज ऐकून संध्याकाळी पुन्हा तेच करायला याला कंटाळा कसा येत नाही, असं बजाजनगरात त्याच्या खोलीशेजारचे लोक विचारत. बेस वाजवणारा अभय पुण्याला नोकरीला निघून गेला होता, त्यामुळे उरले तिघंच. तिसरी स्वरदा.

स्वरदाचे वडील, मधुसूदनकाका, औरंगपुऱ्यात चाळीस वर्षं हार्मोनियमचे क्लास घेत आलेले. त्यांनी मोठ्या आशेनं मुलीचं नाव स्वरदा ठेवलं. मुलीनं सहा वर्षं पेटी शिकून घेतली, मग गणितात पदवी घेतली, कोचिंग क्लासमध्ये दिवसाला चार बॅचेस शिकवू लागली आणि उरलेल्या वेळात नळाला पाणी येत नाही म्हणून माइकवर किंचाळू लागली. 'नळ आला' हे 'रिजेक्शन'चं सगळ्यांत गाजलेलं गाणं. आठ-आठ दिवस वाट बघून नळ आल्यावर वाड्या-वस्त्यांत, सोसायट्यांत जी पळापळ होते, ती सगळी त्यात होती. शेवटी स्वरदा तीनदा "आला" म्हणायची. पहिला खाली, दुसरा मधे आणि तिसरा थेट वरच्या षड्जावर, मोकळ्या गळ्यानं. तो तिसरा "आला" ऐकायलाच लोक यायचे.

स्वरदामुळे या बँडची भाषा पेटीची होती. बाकीचे गिटारवाले सुरांना इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. इथं पेटीच्या पट्ट्या चालायच्या. गिटार नेहमीसारखी लावली की सगळ्यांत जाड तार पांढरी तीनमध्ये बोलते. सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या की काळी दोन. आणखी अर्धा, पांढरी दोन. त्याच्याही खाली काळी एक. दोन-तीन गाण्यांना फक्त जाड तार उतरवायची असायची, कारण त्यांना खालून गुरगुर हवी असायची. म्हणून कार्यक्रमाच्या आधी शिवराज एका कागदावर गाण्यांची यादी करायचा, प्रत्येकापुढं पट्टी लिहायचा आणि कागद चिकटपट्टीनं पायाशी चिकटवायचा. मधल्या वेळात तो खुंट्या पिळत असताना स्वरदा लोकांशी गप्पा मारायची. टँकरवाल्यांचे किस्से, क्लासमधल्या पोरांची उत्तरं, रस्त्यातले खड्डे. तार लागली की शिवराज मान हलवायचा आणि ती वाक्य अर्धवट टाकून गाणं सुरू करायची. ही अर्धवट वाक्यं लोकांना फार आवडायची.

जानेवारीत स्वरदाचा आवाज बसला. चार बॅचेस आणि वर 'नळ आला', आवाजानं किती सोसायचं? कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर दोन बारीक गाठी आहेत. सहा आठवडे पूर्ण मौन, मग सहा महिने ओरडणं बंद. तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला या.

सरावाच्या खोलीत स्वरदानं हे सगळं सांगितलं आणि मग स्वतःचा निकाल दिला. गणिताची बाई ती, तिला मोजमापाशिवाय चैन पडत नाही.

"एक ठरवू या. 'नळ आला'चा शेवटचा 'आला' पांढरी तीनमध्ये स्वच्छ लागतोय तोवर गळा ठीक आहे असं समजायचं. ज्या दिवशी फुटला, त्या दिवशी मी गप्प. सहा आठवडे, सहा महिने, जे असेल ते."

"आन् फुटला तर बँड?" सांडूनं विचारलं.

"तर तुम्ही दुसरी बघा."

दुसरी! तिच्यासारखी दुसरी काय भाजी मंडईत मिळते? तीन वर्षं खपून शिवराजनं हा बँड उभा केला होता. अभय गेला तेव्हा निभावलं, पण एकदा सहा महिने बंद पडलं की सांडूचं लग्न ठरेल, स्वरदा आणखी दोन बॅचेस घेईल, आणि गिटार खाटेखाली जाईल, हे त्याला लख्ख दिसत होतं. आठवड्याचे सहा दिवस तो दुसऱ्यांनी बनवलेला माल मोजायचा. त्यानं स्वतः बनवलेलं असं जगात हे एकच होतं.

फेब्रुवारीत शहरातल्या कॅनॉट मार्केटमधल्या एका कॅफेच्या गच्चीवर कार्यक्रम होता. सरावात शेवटचा "आला" दोनदा फुटता फुटता वाचला होता. शिवराज तासभर आधी पोचला. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा एक छोटा ट्यूनर असतो. तार छेडली की पडद्यावर अक्षर येतं आणि सूर बरोबर असला की हिरवा दिवा लागतो. त्याच्यात एक सोय असते, सगळं अर्धा सूर खाली धरून मोजायची. कोपऱ्यात एक बारीकशी खूण तेवढी दिसते, बाकी अक्षरं तीच, हिरवा दिवाही तोच. शिवराजनं ते बटण दाबलं. सगळ्या तारा उतरवल्या. गिटार काळी दोनमध्ये गेली आणि कागदावर त्यानं नेहमीच्या अक्षरात लिहिलं, 'नळ आला – पां. ३'.

स्वरदाला ते कसं कळलं नाही, असं कुणी विचारेल. गाणाऱ्याला सूर कळतो, पट्टी कळेलच असं नाही. गिटारनं जो षड्ज दिला तो तिनं धरला, आणि बाकीचे सूर त्याच्या अंतरानं लावले. अंतरं सगळी बरोबर होती. खोटी होती ती जमीन.

शेवटचा "आला" मोकळा लागला. गच्चीवरची पोरं नाचली. खाली उतरल्यावर स्वरदानं शिवराजच्या पाठीत धपाटा घातला. "लागला रे! बाबांचा ज्येष्ठमध कामाला आला बघ!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शिवराजचा जीव भांड्यात पडला. तिला इतकं खूश त्यानं महिन्याभरात पाहिलं नव्हतं, आणि आपण काही चांगलंच केलं असं त्याला त्या संध्याकाळी अगदी मनापासून वाटलं.

पण गाठी काही ज्येष्ठमधानं जात नव्हत्या. मार्चमध्ये एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगला बोलावणं आलं, तोवर काळी दोनमध्येही "आला" खरखरू लागला होता. शिवराज पांढरी दोनवर उतरला. तारा ढिल्या पडून फडफडायला लागल्या म्हणून त्यानं जाड तारांचा संच आणून चढवला. आवाज एकदम भरदार झाला, बेस नसल्याची उणीव भरून निघाली, आणि पोरं येऊन सांगू लागली की दादा, आता कसं वजनदार वाजतंय. स्वरदानं विचारलं तेव्हा शिवराज म्हणाला, "तारा बदलल्या." खोटं नव्हतं ते. अर्धं होतं.

सांडूच्या लक्षात आलं होतं. त्याला सुरांतलं फारसं कळत नसे, पण त्याला डोळे होते. पूर्वी कार्यक्रमाआधी खुंट्या जेवढ्या फिरायच्या, त्याच्या दुप्पट आता फिरताना त्यानं बघितल्या.

"शिवा, तिला सांग," तो म्हणाला.

"गातीये ना? खूश हाय ना? मग?"

"लई अंगाशी येईल बरं का."

"तू ड्रम वाजव."

सांडूनं ड्रम वाजवला. मैत्रीत माणूस असाही मूग गिळून बसतो.

त्याच आठवड्यात कंपनीत एक प्रकार घडला. मशीनवर भोकं पाडणारे नानासाहेब म्हणून एक वयस्कर ऑपरेटर होते. भोक बरोबर मापाचं आहे का हे बघायला एक पोलादी दांडी असते, तिला गेज म्हणतात. तिचं एक टोक भोकात गेलं पाहिजे. गेलं नाही तर भोक लहान, माल लाल पेटीत. नानासाहेबांचा माल नापास होत होता, म्हणून त्यांनी ते टोकच पॉलिश पेपरनं घासून बारीक केलं. मग सगळी भोकं पास. महिन्याच्या तपासणीत शिवराजनं गेज मोजला आणि चोरी पकडली.

"साहेब, माल चाललाय ना पुढं?" नानासाहेब गयावया करत म्हणाले. "कुणाचं काय बिघडलं?"

"बिघडलं का नाय, ते आता कळणारच नाय ना नाना," शिवराज म्हणाला. "कळायचं साधनच तुम्ही खराब करून ठेवलं."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्याचे कान तापले. त्यानं रिपोर्टवर सही केली. नानासाहेबांना मेमो मिळाला. शिवराजला मेमो देणारं कुणी नव्हतं, आणि तो तसाच घरी गेला. सांगायचं, सांगायचं असं त्यानं आठवडाभर घोकलं. मग एप्रिलचा कार्यक्रम ठरला, सरावात स्वरदाचा आवाज पुन्हा घासला, आणि सांगण्याऐवजी त्यानं गिटार काळी एकवर उतरवली. शहाणा माणूस दुसऱ्याला जे सांगतो तेच स्वतःला सांगायची वेळ आली की बहिरा होतो. शिवराज काही जगावेगळा नव्हता.

एप्रिलचा कार्यक्रम सांडूच्या मामांच्या शेडमध्ये होता. वाळूजमधली फॅब्रिकेशनची शेड, शनिवारी सुट्टी असल्यानं रिकामी. लोखंडी अँगल भिंतीला लावून ठेवलेले, वर पत्रा, आणि त्या पत्र्याखाली सहाला जमणार होती दीडशे-दोनशे माणसं. कंपन्यांतली पोरं, कॉलेजची पोरं-पोरी, दोन-चार उत्सुक मावश्यासुद्धा. पाच वाजता आवाजाची चाचणी सुरू होती, तेव्हा दारात एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून मधुसूदनकाका उतरले. कडक इस्त्रीचा सदरा, आणि कानात घालायला खिशात कापसाचे दोन बोळे. लेकीचं हे गाणं ऐकायला ते पहिल्यांदाच आले होते. तिचा गळा बरा झाला या आनंदात आले होते.

शिवराजनं त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. स्वरदा बाहेर फोनवर होती. शिवराजनं जाड तार छेडली, मग एक-दोन कॉर्ड वाजवले. काकांनी हातातले कापसाचे बोळे पुन्हा खिशात ठेवले.

"काळी एक," ते म्हणाले. रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाचं नाव घ्यावं तितक्या सहज.

शिवराजचा हात तारांवरच थांबला.

"स्वरदा तर पांढरी तीन म्हणत होती," काका पुढे म्हणाले.

"काका, गिटारचं जरा येगळं असतंय."

हार्मोनियम शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसापुढं हे बोलायचं म्हणजे धाडसच. काका रागावले नाहीत. "वेगळं कसं असेल? सूर आहे तो," ते म्हणाले. "पण चांगलं केलंस. मी तिला जानेवारीत हेच सांगितलं होतं, गळा दुखतोय तर खाली उतर, त्यात कमीपणा नाही. ती ऐकत नाही माझं. तुझं ऐकलं." मग शिवराजच्या चेहऱ्याकडं बघून ते थांबले. "तिला माहीत आहे ना?"

शिवराजनं मान खाली घातली.

मागं सांडू ड्रमचा स्टँड आवळत होता, तो थांबला.

"डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं तिला, फेब्रुवारीत," काका हळू आवाजात म्हणाले. "तिनं तारीख रद्द केली. मी म्हणालो, जाऊन ये. तर म्हणाली, बाबा, पांढरी तीनचा षड्ज लागतोय, डॉक्टर आणखी वेगळं काय सांगणार? पाचवी बॅचही घेतली तिनं. आणि मी गप्प बसलो. मला वाटलं, आपल्या ज्येष्ठमधानं गुण आला." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी सांगू, की तू सांगतोस?"

पाचवी बॅच आणि रद्द केलेली तारीख, यातलं काहीच शिवराजला माहीत नव्हतं. आपण फक्त बँड वाचवत होतो, असं तो धरून चालला होता.

"मीच सांगतो," तो म्हणाला.

शेडच्या मागं, भंगाराच्या ढिगाऱ्याजवळ, स्वरदा फोन ठेवून कोमट पाणी पीत उभी होती. शिवराजनं आडवळण घेतलं नाही. आडवळण घेतलं असतं तर तो परत फिरला असता.

"स्वरदा, गिटार पांढरी तीनमध्ये नाय. काळी एक लावलीये."

"आज?"

"आज काळी एक. कॉलेजात पांढरी दोन व्हती. कॅफेत काळी दोन."

स्वरदाची बोटं हवेतच, पेटीवर फिरावीत तशी, उजवीकडून डावीकडं सरकली. एक, दोन, तीन. मग थांबली.

"म्हणजे माझा गळा बरा झालाच नाही."

"नाय."

"आणि ट्यूनर? मी बघितला होता एकदा. हिरवा लागला होता."

"त्याच्यात बटण असतंय."

"शिवराज, मी डॉक्टरकडे गेले नाही." तिचा आवाज चढला नाही, तो चढण्यासारखा राहिलाच नव्हता. "अडीच महिने. मी रोज सकाळी उठून स्वतःला सांगत होते, लागतोय ना, मग ठीक आहे. तुझ्या त्या बटणावर."

"मला बँड बंद पडू द्यायचा नव्हता."

"मग तसं म्हणायचंस! हात जोडून म्हणायचंस, सोडून जाऊ नको. मी कदाचित गायलेही असते. पण मग माझा गळा मी फोडला असता, कळतंय का तुला? माझ्या हट्टानं. आता मी काय म्हणू, कोणी फोडला?"

शिवराज "चुकलं" म्हणाला, पण ते इतकं छोटं होतं की त्याला स्वतःलाच ऐकू आलं नसावं. आतून शिट्ट्या सुरू झाल्या. सहा वाजले होते. सांडूनं दारातून डोकं काढलं, दोघांकडं बघितलं आणि काही न विचारता आत घेतलं.

"कार्यक्रम राहू दे," शिवराज म्हणाला. "मी लोकांना सांगतो."

"नको. तू आता कोणाला काही सांगू नको," स्वरदा म्हणाली आणि पाण्याची बाटली त्याच्या हातात देऊन आत गेली.

ती माइकपुढं उभी राहिली तेव्हा पोरांनी ओरडायला सुरुवात केली. तिनं हात वर केला.

"आज एकच गाणं आहे," ती म्हणाली. पत्र्याखाली नाराजीचा गलका झाला. "ओरडू नका, ओरडण्याचं काय होतं ते मी सांगते. माझ्या गळ्यात गाठी आहेत. आतापासून सहा आठवडे मी बोलणार नाही. हे गाणं झालं की तोंड बंद. त्याआधी मला एक गोष्ट तपासायची आहे. गिटारवाले, पांढरी तीन लावा. खरी."

शिवराजनं ट्यूनर काढून खिशात टाकला आणि खुंट्या पिळायला घेतल्या. जाड तारा, वर ओढायच्या म्हणजे ताण भयंकर. एक-एक तार कुरकुरत वर चढत होती आणि सगळी शेड ते ऐकत होती. आज स्वरदा गप्पा मारत नव्हती. मागच्या रांगेतले दोघं-तिघं वडापाव खायला बाहेर गेले. कुणीतरी "गाणं म्हणा ना ताई" असं ओरडलं. सहा तारा लागायला तीन मिनिटं गेली असतील, शिवराजला ती कंपनीतल्या एका पाळीएवढी वाटली.

त्यानं कॉर्ड वाजवला. स्वरदानं डोळे मिटले आणि तो शेवटचा "आला" एकदाच, फार जोर न देता, म्हटला.

लागला नाही. आधी नुसती हवा आली, मग एकाच वेळी दोन आवाज, आणि मग काहीच नाही. पुढच्या रांगेतली एक मुलगी "अगं बाई" म्हणाली. काका खुर्चीवरून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. शिवराजला वाटलं आपण हे वाजवलंच नसतं तर बरं होतं, आणि लगेच कळलं की हे तर आपण अडीच महिन्यांपूर्वीच वाजवायला हवं होतं.

"कळलं," स्वरदा माइकवर म्हणाली. "आता खाली घे. मी थांब म्हणेपर्यंत."

तो अर्धा सूर उतरला. ती ओठ मिटून हलकंच गुणगुणली आणि तिनं मान हलवली. नाही. आणखी अर्धा. नाही. काळी एक आली, ज्यात ती सराव करत आली होती आणि आज गाणार होती. तिथं ती जरा जास्त वेळ थांबली. गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "इथं पण दुखतंय. म्हणजे इथं पण दुखतच होतं. मला वाटायचं, बरं होताना दुखतं तसं." तिनं हे लोकांना सांगितलं की शिवराजला, ते समजलं नाही. सगळ्यांनी ऐकलं मात्र.

आणखी अर्धा सूर. तारा आता लोंबायला आल्या होत्या, छेडल्या की लाकडावर आपटून खडखडत होत्या. स्वरदा गुणगुणली. थांबली. पुन्हा गुणगुणली.

"इथं दुखत नाही," ती म्हणाली. "थांब."

"पांढरी एक," खुर्चीवरून मधुसूदनकाका म्हणाले, आणि काही पोरं हसली.

मग सांडूनं काठीवर काठी आपटून चार मोजले आणि 'नळ आला' सुरू झालं. इतकं खाली ते कधीच वाजलं नव्हतं. गिटार ट्रकच्या इंजिनासारखी घरघरत होती. स्वरदा ओरडली नाही. आठ दिवस पाण्याची वाट बघून थकलेली बाई शेजारणीला सांगते, तसं तिनं ते गाणं सांगितलं. पहिल्या कडव्याला लोकांना काय करावं कळेना, नाचायचं की ऐकायचं. काहींनी नाचून बघितलं आणि सोडून दिलं. शेवटचा "आला" वर गेला, पण या पट्टीतला वर, जिथं तिचा गळा पोचत होता. तो मोठा नव्हता. खरा होता. शिवराजनं शेवटचा कॉर्ड वाजवला आणि तारा हातानं दाबून धरल्या.

टाळ्या पडल्या, नेहमीपेक्षा कमी. स्वरदानं वाकून नमस्कार केला, माइक स्टँडवर ठेवला आणि खाली उतरली.

शिवराज गिटार तशीच गळ्यात ठेवून तिच्यामागं धावला. शेडच्या दारात त्यानं तिला गाठलं. अजून धड अंधारही पडला नव्हता. काका शेजारी येऊन उभे राहिले, सांडू दोन पावलं मागं.

"शिव्या दे मला," शिवराज म्हणाला. "काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेतो."

स्वरदानं तोंड उघडलं. सवयीनं उघडलं. मग मिटलं आणि नकारार्थी मान हलवली. मौन सुरू झालं होतं. जे काही ती त्याला बोलणार होती, ते आता सहा आठवडे तिच्याजवळच राहणार होतं, आणि त्याला त्याची वाट बघावी लागणार होती. चार शिव्या परवडल्या असत्या. त्याला रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही.

स्वरदानं पर्समधून फोन काढला. ती लिहून काही दाखवेल असं त्याला वाटलं. तिनं दवाखान्याचा नंबर काढला आणि लावला. काकांनी आपसूक हात पुढं केला. तिनं तो हात अलगद बाजूला सारला, फोन स्पीकरवर टाकला आणि शिवराजला दिला.

"हॅलो," पलीकडून दवाखान्यातली बाई म्हणाली. "बोला."

"तारीख पाहिजे व्हती. पेशंट स्वरदा... औरंगपुऱ्याच्या. जानेवारीत येऊन गेल्यात."

कागद चाळल्याचा आवाज आला. "हं, सापडल्या. गाठी होत्या यांना. फेब्रुवारीची तारीख त्यांनी स्वतःच रद्द केली. तुम्ही कोण, मिस्टर?"

"नाय. मी त्यांच्याबरोबर गिटार वाजवतो."

"त्यांनाच द्या ना फोन."

"त्यांचं मौन हाय."

"आत्ता?" बाई जरा फणकाऱ्यानं म्हणाली. "बरं, मला इथं लिहावं लागतं. मधल्या काळात आराम वाटत होता का? म्हणून आल्या नाहीत का?"

शिवराजनं स्वरदाकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती, परीक्षेत पोराचं उत्तर ऐकताना बघत असेल तशी, मदत न करता.

"आराम नव्हता," तो म्हणाला. "त्रास चालूच व्हता, वाढत व्हता. त्यांना तसं कळू दिलं नाय. मी नाय कळू दिलं."

"ते एवढं सगळं कुठं लिहू मी? 'त्रास चालू' लिहिते. सोमवारी अकरा वाजता या. आणि त्या बोलणार नसतील तर सोबत माणूस आणा. कधीपासून, कसं, किती, सगळं डॉक्टर विचारतात."

स्वरदानं शिवराजच्या छातीवर बोट ठेवलं.

"मी येतो," शिवराज फोनमध्ये म्हणाला. "सगळं मला माहितीये."